पेवाचं तोंड

२३ नोव्हेंबर १९७५

दादा, जयभीम.

अक्षर ओळखलं असशीलच. तुझा पत्ता चुडाव्याच्या स्टेशनावरच्या किशनराव पोर्टरकडून मिळवला. ते सिकंदराबादला आले तेव्हा तू त्यांना चहा पाजलास, पानही दिलंस, आणि घरचं काही विचारलं नाहीस, एवढं सगळं त्यांनी सांगितलं. मग मीही घरचं काही कळवत नाही. मला तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे, तेवढ्यापुरतं हे पत्र.

रेल्वेच्या वर्कशॉपात तू मोटारींना तार गुंडाळण्याच्या कामावर आहेस म्हणे. मला तांब्याची तार हवी आहे, केसाइतकी बारीक, दोन पुरुष लांब, मधे कुठे मोड किंवा गाठ नसलेली. भंगारातली चालेल.

कशाला ते सांगते. या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. झाले आणि चुडाव्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मागच्या आठवड्यात नववीला गुरुत्वाकर्षण होतं. मी फळ्यावर लिहिलं की जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. वस्तुमान वाढलं की ओढ वाढते, अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई उरते. मुलींच्या बाकावरची चांगुणा उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, मग मी आत्ता तुमाला ओढायलेय का?" मी हो म्हणाले. "मग तुमी सरकना कशा?" वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं की तिला घरी भाकर कमी पडायलीय, तिच्यानं कुठं ओढणं होतंय.

मी समजावलं की ओढ असते, पण इतकी लहान की जाणवत नाही. ती बसेना. कुणी बघितलीय का, म्हणाली. म्हटलं, बघितलीय, इंग्लंडात, पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसानं शिशाचे गोळे टांगून. मग तिनं विचारलं, तुम्ही बघितलीय का. मी नाही म्हणाले.

"मग तुमी बी ऐकूनच सांगायलाव की."

दादा, ती उद्धट मुलगी नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण ते वाक्य मला शाळेपासून घरापर्यंत पुरलं. वरच्यानं सांगितलं म्हणून खरं, असं मानण्यात आपल्या घराच्या किती पिढ्या गेल्या. आपण धर्म बदलला तो काय एकाचं ऐकणं सोडून दुसऱ्याचं ऐकायला? तपासल्याशिवाय काही मानू नये असं आपण विहारात म्हणतो, आणि मी वर्गात पुस्तक वाचून दाखवते. ते मला जमणार नाही. मी ती ओढ बघणार आहे आणि चांगुणाला दाखवणार आहे.

तार पाठवलीस तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. नाही पाठवलीस तर दुसरीकडून मिळवीन.

बा आणि माय बरे आहेत. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलं.

रुख्मिणी


१७ डिसेंबर १९७५

दादा, जयभीम.

पुडकं मिळालं. उर्दू वर्तमानपत्राची प्रत्येक घडी उलगडून पाहिली, आत चिठ्ठी नव्हती. पण तार भंगारातली नाही, कोरी आहे. लाकडी रिळावर एकावर एक न चढवता गुंडाळलेली, आणि सुटं टोक उलगडू नये म्हणून त्यावर मेणाचा थेंब. ज्यानं हे केलं तो रागावलेला असेल, बेफिकीर नाही. एवढं उत्तर मला पुरे आहे.

आता माझं यंत्र कसं आहे ते ऐक, कारण त्यातला मुख्य भाग तुझा आहे. उंचावरून तुझी तार सोडायची. तिच्या खालच्या टोकाला तुराटीची सरळ काडी, मधोमध, तराजूच्या दांडीसारखी आडवी. काडीच्या दोन टोकांना शिशाचे दोन छोटे गोळे. ते मी नदीवरच्या भोयांकडून आणले, जाळ्याला लावतात ते. काडीच्या मधे आरशाचा बारका तुकडा. जिंतूरच्या बाजारात बंजारा बायका चोळ्यांना आरसे लावून विकतात, त्यातला एक.

मग दोन जड वस्तू पाहिजेत. एकेक गोळ्याशेजारी एकेक जड वस्तू टांगायची, अगदी जवळ, पण चिकटू द्यायची नाही. जड वस्तूनं गोळ्याला ओढलं तर काडी फिरेल, तार पीळ खाईल. काडीचं फिरणं डोळ्याला दिसणार नाही इतकं कमी. पण आरशावर बॅटरीचा उजेड पाडला तर भिंतीवर कवडसा पडतो, आणि काडी सुतभर फिरली की कवडसा बोटभर सरकतो.

लोखंडी वजनं नकोत, त्यांच्यात चुंबकाचा गुण शिरलेला असू शकतो. मग मला आपलं जातं दिसलं. आता सगळा गाव चक्कीवर जातो, ते कोपऱ्यात पडून होतं. मायला विचारलं तर ती म्हणाली, "दळायचं जातं फाशी दिल्यावानी टांगतीस? बाया मला काय म्हनतील?" संध्याकाळी बघते तर तिनं दोन्ही दगड घासून, पुसून उन्हात ठेवले होते. वरच्या दगडाचा खुंटा काढून टाकला होता. म्हणाली, टांगायचंच तर निटनेटकं टांग.

प्रयोग मात्र अजून झाला नाही. आधी शाळेच्या प्रयोगशाळेत मांडला. दार करकरलं की काडी फिरायची. हेडमास्तर दिनकरराव चांगले माणूस आहेत, त्यांनी खिडक्यांना कागद लावून दिले आणि मग स्वतःच शिंकले. कवडसा भिंत सोडून छतावर गेला. घरी मांडला तर पत्र्याच्या फटींतून वारा. जरा हवा हलली की ती ढकल एवढी मोठी होते की खरी ओढ त्यात बुडून जाते.

मला अशी जागा पाहिजे जिथं हवा जागची हलत नाही. तशी एक जागा मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. तिचं नाव आज लिहीत नाही.

रुख्मिणी


४ जानेवारी १९७६

दादा,

जागा माणिकरावांचं पेव आहे. बाभळीजवळचं, तेच.

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच.

ते आता रिकामं आहे. दुष्काळापासून त्यात धान्य पडलं नाही, त्यांची ज्वारी सिमेंटच्या गोदामात जाते. वरून माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, आणि खाली जमिनीच्या पोटात मोठ्या गाडग्यासारखी गोल जागा. वारा नाही, ऊन नाही, आवाज नाही. परीक्षेच्या पुस्तकातला इंग्रज माणूस अशा खोलीसाठी दोन जन्म हिंडला असता.

मी सगळं विसरले असं समजू नकोस. नागनाथकाकांना वर काढलं तेव्हा मी बाभळीखाली उभी होते. गाड्या उभ्या होत्या, घाई होती, म्हणून आधी दिवा सोडून तो विझतो का ते पाहिलं नाही, आणि कोंडलेल्या ज्वारीच्या वाफेत काका जे बसले ते उठलेच नाहीत. आणि पुढच्या बाजाराच्या आत बा त्याच पेवात उतरला. कडेची काळी पडलेली, वास मारणारी ज्वारी पोत्यात घालून घरी आला, कारण पेव उपसणाऱ्याला तीच मिळायची. मायनं भाकरी केल्या. तू ताट सरकवलंस.

तू सोळा वर्षांचा होतास, मी चौदा. चुडाव्याच्या स्टेशनावर तू मला दोन वाक्यं बोललास. पहिलं, "भावाच्या मढ्यावरून उतरून जो ज्वारी काढतो त्याच्या घरात मी राहणार नाही." दुसरं, "आणि वर मलाच चारचौघांत म्हणतो, हे पोरगं कामाचं न्हाई." दुसरं वाक्य तू हळू बोललास. म्हणून तेच जास्त लागलं असावं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

आता माझं ऐक. मी माणिकरावांकडे गेले. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "बी.एस्सी. झाली म्हनं सितारामाची पोर. आन् शेवटी पेवातच?" मी म्हटलं, दोन दगड टांगायचे आहेत. ते म्हणाले आत आता काही ठेवलेलं नाही. मी म्हटलं, माहीत आहे, मी काही काढायला उतरत नाही. ते हसले, आणि म्हणाले जा, तुझ्या बापानं ते पेव माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. मी वळले तेव्हा मागून म्हणाले, "काही झालं तर माझ्या नावानं रडू नका."

"तुमच्या नावानं आम्ही कधी रडलो नाही, माणिकराव."

मालक म्हटलं नाही. अडकित्ता थांबला होता, तेवढं ऐकू आलं.

तू म्हणशील, खड्डा तोच ना. खड्डा तोच आहे. पण आजवर आपलं माणूस त्यात दुसऱ्याच्या शब्दावर उतरलं. मी माझ्या शब्दावर उतरते आणि जे वर आणीन ते माझं. हा फरक तुला पटत नसेल तर मला तो लिहून पटवता येणार नाही, करूनच दाखवावा लागेल.

बाला सांगितलं तेव्हा त्यानं भाकरीचा तुकडा मोडलेला तसाच धरून ठेवला. मग म्हणाला, "दिवा सोडल्याबिगर पाय टाकायचा न्हाई." पुढे चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी माळ्यावरून जुना सोल काढून माझ्यापुढे टाकला. तोच, काकांना वर काढलेला दोर. मी तो घेतला. दुसरा एवढा मजबूत दोर घरात नव्हता.

रुख्मिणी


२६ जानेवारी १९७६

दादा, जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि त्यात एकच ओळ, "पेवात उतरू नकोस." ना नाव, ना तारीख. मला राग आला आणि मी ते दोनदा वाचलं. मग मायला वाचून दाखवलं. बा बाहेर विडी ओढत होता, त्यानं विडी विझवली. ऐकत होता.

मी उतरले. मांडामांड करायला कितीदा तरी उतरले. आता झालं ते सांगते, कारण तुला ते कळलं पाहिजे, आणि बा ते मेला तरी सांगणार नाही.

पेवाच्या तोंडावर आडवं लाकूड टाकून तार सोडली. दगड एका बांबूच्या दोन टोकांना टांगले. वरून दोरी ओढली की बांबू फिरतो आणि दगड गोळ्यांच्या दुसऱ्या अंगाला जातात, म्हणजे मला आत जावं लागत नाही. माणसाचं अंग गरम असतं, अंगाच्या उबेनंही हवा वर चढते. तोंडावर गोधडी टाकायची आणि तिच्याखाली डोकं घालून कवडसा बघायचा. या काडीचा एक हेलकावा पाव तास चालतो. ती पूर्ण थांबायला रात्र जाते, म्हणून मी संध्याकाळी सगळं झाकून घरी यायची, सकाळी काडी थांबलेली मिळेल या हिशेबानं.

सकाळी ती कधीच थांबलेली नसायची. भिंतीवर कवडसा पिसाटल्यासारखा हिंडत असायचा. दोन आठवडे असं चाललं. मी तारेला दोष दिला, तुलाही मनातून दिला, माफ कर. गोधड्या वाढवल्या. पोरांवर संशय घेतला आणि एकाला उगाच रागावले. शेवटी एक दिवस उजाडताच गेले.

बाभळीला सोल बांधलेला होता. पेवाच्या तोंडातून आधी कंदील वर आला, पेटलेला, आणि त्याच्यामागून बाचं डोकं, केसांत जळमटं.

दादा, मी खूप ओरडले. माझे दोन आठवडे मातीत घातले, कंदिलानं आतली हवा तापते, माणूस बसून आला की ती आणखी तापते, इतकं सांगूनही कळत नाही का, असं सगळं बोलले. तो खाली मान घालून सोल गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "निसता दिवा सोडून भागत न्हाई. दिवा जळतोय आन् मानूस बसतंय, आसं बी व्हतं. तुझ्याआधी कुनीतरी बसून आलेलं बरं." रोज पहाटे जायचा, म्हणे. खाली बसून आपला श्वास पुरतो का ते बघायचा, आणि मी उठायच्या आत घरी यायचा.

मी तिथंच मातीवर बसले. तोही बसला. या आठ वर्षांत मी त्याला कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. काकांनंतर तू परत का उतरलास?

तो म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. "नागनाथ गेला तवा पेव आर्धं भरेल व्हतं. मालक म्हनले, तुझं पोरगं उतरीव, बारीक हाय, सरकन जाईल. म्या म्हनलं, मालक, ते निसतं बारीक दिसायलंय. खांदे रुंद हायेत त्याचे. वरच अडकंल. कामाचं न्हाई ते पोरगं."

दादा, तू तेव्हा तुराटीसारखा होतास. तुझे खांदे बघून माय म्हणायची की याला सदरा नको, दावं पुरेल.

मी विचारलं, सरळ 'नाही' असं का म्हणाला नाहीस? तो म्हणाला, "तवा न्हाई म्हनायची सवय नव्हती आपल्याला. खोटं बोलायची व्हती."

म्हणजे खोटं बोलून त्यानं तुला वर ठेवलं, आणि ते खोटं टिकावं म्हणून स्वतः खाली गेला. आणि ते खोटं तू तिथं उभा राहून ऐकलंस.

तुझा राग चुकीचा होता असं मी म्हणत नाही. काकांच्या मरणाचा राग यायलाच पाहिजे, मलाही येतो. काळी ज्वारी काळीच होती. पण त्या दुसऱ्या वाक्याचं वजन तू आठ वर्षं उलट्या बाजूच्या पारड्यात टाकत आलास. ते तिथून काढ. बाकीचा हिशेब तू आणि बा समोर बसून करा.

मी त्याला हे तुला लिहू का असं विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. ती सवय त्याला आता झाली आहे.

रुख्मिणी


१२ फेब्रुवारी १९७६

दादा, जयभीम.

मी ती बघितली.

बाशी करार केला. दिवा सोडायचा, पण दोन दिवस आधी. त्याला बसून बघायचं तर तेही तेव्हाच. नंतर झाकण घालायचं आणि कुणीही जवळ फिरकायचं नाही. त्याचं काम पेवावर पाळत ठेवायची, शेळ्या आणि पोरं हाकलायची. हे काम त्यानं इतकं मनावर घेतलं की त्या बाजूच्या पाऊलवाटेनं गाव जायचा बंद झाला.

दोन दिवसांनी गोधडीखाली डोकं घातलं. कवडसा भिंतीवर उभा होता, एका जागी. मी आधीच चुन्यानं तिथं रेघा ओढून ठेवल्या होत्या. अगदी हळू दोरी ओढली, दगड दुसऱ्या अंगाला नेले आणि वाट बघत पडून राहिले. आधी काही नाही. मग कवडसा निघाला. कुणी ढकलल्यासारखा नाही, दुपारी सावली सरकते तसा. रेघ ओलांडून पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि संध्याकाळी थांबला तो जुन्या जागेपासून दीड बोटावर. दगड परत आधीच्या अंगाला आणले. कवडसा परत आला.

मी ते पाच वेळा केलं. दगड काढून त्या जागी मायच्या भोपळ्याच्या वेलावरची दोन डांगरं टांगली, आकार तेवढाच, वजन कमी. कवडसा जेमतेम हलला. मग दगड गोळ्यांपासून दुप्पट लांब टांगले. पुस्तकाप्रमाणे सरकणं चौथाई व्हायला हवं होतं, माझं पाचव्या हिश्श्याच्या आसपास आलं. तेच वर्गात सांगितलं आणि कुठे चुकलं असेल ते शोधायचं काम मुलांना दिलं. चांगुणा म्हणते, लांब नेलेला दगड पलीकडच्या गोळ्याला पण ओढत असणार, त्याचं तुम्ही धरलंच नाही. असू शकतं.

सगळी नववी येऊन गेली, दोघं दोघं, पालथं पडून. चांगुणा गोधडीखालून बाहेरच येईना. शेवटी तिला पायाला धरून ओढलं. म्हणाली, "बाई, त्यांचं एकमेकाकडं ध्यान हाय." आणि मग लाजली. दिनकरराव आले, त्यांनी या वेळी नाकाला रुमाल बांधला होता.

आणि माणिकराव आले. धोतर सावरत पालथे पडले. त्यांच्या बापजाद्यांचं पेव, पण त्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डोकं घातलं असेल. बा शेजारी उकिडवा बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मालक, मागं सरका. तुमचा श्वास आत जायलाय." माणिकराव सरकले. जाताना मला म्हणाले की आत लय अंधार आहे. मी म्हटलं, हो.

सगळे गेल्यावर बानं बघितलं. बराच वेळ. मग विचारलं, केवढी आहे ही ओढ. मी सांगितलं, ज्वारीच्या एका दाण्याचे दोन-तीन लाख तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याच्या वजनाएवढी. तो म्हणाला, "एवढुशी? आन् दिसली?" म्हटलं, आजूबाजूचं हलणं थांबलं म्हणून दिसली. ती आधीपासून होतीच.

दादा, आता तुझ्यापुरतं. मी मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली, ती तुलाही सांगते. दगड गोळीला जेवढ्या जोरानं ओढतो, तेवढ्याच जोरानं गोळी दगडाला ओढते. रतीभर कमी नाही. मग गोळीच का सरकते? कारण ती हलकी आहे. दगडही ओढला जातो, पण त्याच्या अंगावर त्याचंच इतकं ओझं आहे की त्याचं सरकणं कुणाला दिसत नाही. म्हणून दगडाला ओढच नाही असं समजणारा माणूस चुकतो.

बाच्या अंगावर घर आहे, माय आहे, काकांचं मरण आहे, सगळा गाव आहे. तू एकटा आहेस, रेल्वेचा पास आहे. तर तू ये. ही विनवणी नाही, मी विनवणार नाही. तुमच्यात हलकं कोण आहे एवढंच सांगते.

शिवाय मला माणूस पाहिजे. अंतराचा प्रयोग पुन्हा करायचा आहे. एकानं दोरी ओढायची, एकानं बॅटरी धरायची, एकानं रेघा मोजायच्या. बाचा हात थरथरतो, मायला गोधडीखाली गुदमरतं. तारेचं काम तुझ्याइतकं कुणाला येत नाही.

रुख्मिणी


२९ फेब्रुवारी १९७६

दादा, जयभीम.

तुझं कार्ड काल मिळालं. होळीला येतोस, रजा मंजूर झाली, पहाटेच्या गाडीनं चुडाव्याला उतरशील, स्टेशनावर कुणी येऊ नये, आणि "बाला सांगू नकोस."

मी सांगितलं. या घरात न सांगितल्यानं जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलं आहे.

त्यानं ऐकलं, पागोटं काढलं, परत घातलं. मला वाटलं डोळे पुसेल. तो म्हणाला, "आता मातर खरंच अडकंल. रेल्वेचं खाऊन सुटला आसंल." माय चुलीपुढून म्हणाली, तुमचं तोंड आधी बंद ठेवा, आठ वर्षांपूर्वी उघडलं तेवढं पुरे झालं. तो उठून बाहेर गेला.

थोड्या वेळानं पांढरीकडून, पेवाच्या बाजूनं, धाड धाड आवाज यायला लागला. मी पळत गेले. तो पहार घेऊन पेवाचं तोंड फोडत होता. कडेची माती ढेकळांनी आत पडत होती, माझ्या काडीवर, तारेवर, आरशावर. मी ओरडले. तो थांबला नाही. तुझी तार तेवढी मी वेळेवर सोडवून घेतली, रिळावर नीट गुंडाळून ठेवली आहे, बाकी सगळं पुन्हा करावं लागेल.

"बा, कुनाचं पेव फोडायलास? विचारलं का मालकाला?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि पहार पुन्हा उचलली.

हे लिहितेय तेव्हाही आवाज चालू आहे. तोंड आणखी हातभर रुंद झालंय. तो दर थोड्या वेळानं पहार आडवी धरतो, तिच्यावर दोन्ही हातांनी खांद्यांचं माप दाखवतो आणि मला विचारतो, एवढे असतील का. मी म्हणते, मला माहीत नाही, मी त्याला आठ वर्षांत बघितलं नाही. मग तो आणखी थोडं फोडतो.

रुख्मिणी